सुईपासून डोळ्यापर्यंत

"पिकू दे. घाई करून कच्चं उतरवू नये."

हे तिचे वडील म्हणायचे. स्वतःच्या डोळ्यांबद्दल, आणि असं, जणू झाडावरच्या फळाबद्दल बोलतायत. मोतीबिंदू पिकला की काढू, म्हणत म्हणत त्यांनी नऊ वर्षं काढली. शेवटची दोन वर्षं तर बोटांनी चाचपत रफू केलं. मोतीबिंदू पिकायच्या आधी तेच गेले. मागे राहिलं रफूचं छोटं दुकान, दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसणारी आत्या, आणि तो आवाज.

म्हणून तिशी लागते न लागते तोच लेकीच्या डाव्या डोळ्यापुढे धुकं उतरायला लागलं, तेव्हा ती कुणाशी काही बोलली नाही. उजेडात दिसेना, सावलीत त्यातल्या त्यात बरं दिसे, म्हणून तिने खिडकीकडे पाठ करून बसायला सुरुवात केली. नाक हळूहळू कापडाजवळ गेलं. पिकू दे, ती मनाशी म्हणाली. पिकलं की बघू.

अशातच एका रिपरिपत्या दुपारी एक उंच, भिजलेला माणूस आपला कोट न्यायला आला. कोपरावर पडलेलं भोक तिने कालच बुजवलं होतं. त्याने बाही दाराशी नेली, उलटसुलट केली आणि कोपरावरून बोट फिरवलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. भोक गेलं. काम सुरेख आहे. फक्त — कोट निळा आहे, आणि धागा काळा."

तिने कोट ओढूनच घेतला. दाराशी नेला, डोळे बारीक केले, काही दिसेना तशी पुन्हा सावलीत आणला. उजवा डोळा एकटाच लावून पाहिला. काळाच होता धागा. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"निळ्याला काळा?" आत्या खुर्चीतूनच म्हणाली. "डोळे काय उशाशी विसरून आलीस?"

तो मात्र कोटाकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता. "उजेडात गेलात की तुम्हाला कमी दिसतं का हो?"

"तुम्ही ज्योतिषी आहात?"

"डोळ्यांच्या हॉस्पिटलात असतो. डॉक्टर नाही. ऑपरेशनच्या आधी पेशंटना समजावून सांगतो. कुठलं ऑपरेशन, कुठलं भिंग, कशाने काय होतं."

"दिवसभर नुसतं समजावता?"

"दिवसभर."

"आणि घरचे ऐकतात?"

"घरी कुणी नाही. म्हणून तर बोलायची हौस हॉस्पिटलात भागवून घेतो."

'घरी कुणी नाही' हे तीन शब्द ऐकल्याबरोबर आत्याने खुर्ची जरा पुढे सरकवली. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव पडलं — समजावणारा.

दुसऱ्याच आठवड्यात आत्या तिला त्याच्या हॉस्पिटलात घेऊन गेली; डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदूच सांगितला. लहानपणी दम्यासाठी वर्षानुवर्षं ज्या गोळ्या घेतल्या, त्यांनी असा लवकर होऊ शकतो म्हणाले. मग तिला समजावणाऱ्याच्या खोलीत पाठवलं. टेबलावर नारळाएवढा प्लास्टिकचा डोळा. त्याने तो फळासारखा उघडला आणि आतलं भिंग तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे काचेसारखं स्वच्छ असतं. तुमचं मागच्या बाजूने गढुळलंय. त्यावर औषध नाही, थेंब नाहीत, चष्मा नाही. हे काढून दुसरं बसवायचं, एवढाच इलाज."

"पण अजून पिकला नाही ना?"

तो हसला नाही. हे तिला आवडलं.

"पूर्वी पिकेपर्यंत थांबायचे, कारण तेव्हाची पद्धत तशी होती. आता थांबलात तर भिंग दगडासारखं कडक होतं आणि काढायला अवघड. मऊ असताना बारीक छेदातून आत जाऊन, ध्वनिलहरींनी त्याचा चुरा करून ओढून घेतात. त्याला फेको म्हणतात. फार कडक झालं तर मात्र अख्खं काढावं लागतं. छेद मोठा. भरायला वेळ जास्त."

"आणि छेदाला टाके किती?"

"टाका नाहीच. छेद तिरका घेतात, तो आपोआप मिटतो."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पोहता न येणारा पोहण्यावर भाषण देतोय. "टाका नाही? मग उसवेल की."

"नाही उसवत."

"अहो, मी आयुष्यभर हेच करतेय. टाक्याशिवाय काही टिकत नाही."

"मला वाटतं," तो म्हणाला आणि प्लास्टिकचा डोळा उगाचच पुसू लागला, "काही गोष्टी टिकतात... नीट जुळल्या तर."

दोघंही थोडा वेळ त्या प्लास्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिली.

मग भिंगाचा प्रश्न आला. एक प्रकार दोन्हीकडचा, लांबचं आणि जवळचं बरंचसं दिसतं. पण दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि काळ्यावरचं काळं जरा फिकं पडतं. दुसरा एकाच अंतराचा. लांबचं लख्ख ठेवायचं, तर सुईसाठी चष्मा. जवळचं ठेवायचं, तर रस्त्यासाठी.

"काळ्या शालीवर काळा धागा टाकते मी," ती म्हणाली. "फिकं पडून कसं चालेल? मला सुई लख्ख हवी. रस्ता काय, विचारत विचारत जाईन."

"मग सुई डोळ्यापासून किती लांब धरता, ते माप लागेल. भिंगाचा आकडा त्यावर ठरतो. चुकलं तर सुई समोर असून धूसर दिसेल."

सुई धूसर म्हणजे दुकान बंद. दुसरं तिला काही येतच नव्हतं.

तिथेच तिने कापड धरून दाखवलं. त्याने टेप लावली. एक वीत.

"हे तुमचं खरं माप नाही," तो म्हणाला. "धुकं आल्यावर तुम्ही जवळ गेलात. आता तर आणखीच वाकलात. उजव्या डोळ्याला जसं दिसतं, तसं बसायचं. मी दुकानात येतो. तुम्ही काम करा आणि विसरून जा की मी तिथे आहे."

तो आला. ती डावा डोळा झाकून रफू करत बसली. तो स्टुलावर, हातात टेप, श्वाससुद्धा जपून घेत. साबणाचा आणि ओल्या छत्रीचा वास. तिची मान अशी काही खाली गेली की केस कापडाला लागले. माप आलं अर्धी वीत.

"विसरलात का?"

"प्रयत्न करतेय."

दुसऱ्या वेळी ती इतकी ताठ बसली की माप दीड हात आलं. तिसऱ्या वेळी सुई बोटात गेली. त्याने खिशातला रुमाल पुढे केला, ती नको नको म्हणाली, आणि त्या नको नकोमध्ये रुमालाचं एक टोक दोघांच्या हातात बराच वेळ राहिलं. आत्या भिंतीकडे तोंड करून आपल्याच नादात गुणगुणत होती —

सुई बाई पुढं पुढं, दोरा मागं मागं जाई,
सांधलं ग कोणी कोणा, कापडाला ठाव नाही...

गाणं थांबवून ती वळली. "टेप इकडे आण रे. तू समोर असलास की हिची मान कधी झोपते, कधी खांब होते. तुझ्या भरवशावर राहिलो तर पोरीला आंधळी करशील."

"आत्या —"

"गप्प बस. जा रे तू घरी."

तो गेला. ती मात्र आत्याशी भांडता भांडता कामाला लागली. तासाभराने भांडण विसरली, आत्यालाही विसरली. तेव्हा आत्याने हळूच मागून येऊन टेप धरली. दोन वीत, वर दोन बोटं. आत्याने ते दोनदा मोजलं आणि हॉस्पिटलात स्वतः जाऊन सांगितलं. चिठ्ठीवर विश्वास नाही म्हणाली.

ऑपरेशनच्या सकाळी तो दारापर्यंत आला. "थेंबांनी डोळा बधिर करतील. आत एक दिवा दिसेल, त्याच्याकडे बघत राहा. पंधरा-वीस मिनिटं."

"आणि तुम्ही?"

"मला आत सोडत नाहीत. मी इथेच..." त्याने बाकाकडे हात केला, आणि हात बराच वेळ तिकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. डोळा जरा लाल, जरा पाणावलेला. आठवडाभर काम नाही असं बजावून घरी पाठवलं होतं, पण दुकानात नुसतं बसायला कुणाची ना नव्हती. वडिलांनी शेवटचं रफू केलेली शाल भिंतीवर टांगलेली असे. गिऱ्हाईक न्यायला आलंच नाही, म्हणून राहिलेली. याहून चोख काम होणे नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. आज तिने ती पहिल्यांदाच उतरवली, मांडीवर घेतली... दोन वीत, दोन बोटं.

धागे दिसले. एकेक. उभे सरळ होते, पण आडवे कुठे दोनावरून उडी मारून गेले होते, कुठे वाट चुकून परत आले होते. चाचपत चाललेल्या माणसाची पावलं असावीत तसे.

तेवढ्यात फोन वाजला.

"हॉस्पिटलकडून बोलतोय," समजावणारा म्हणाला. "थेंब घातले का?"

"घातले." मग तिला राहवेना. "बाबांचं रफू वाकडं आहे. मला आज दिसलं. त्यांना दिसतच नव्हतं हो. नऊ वर्षं... आणि त्यांना कुणी सांगितलंच नाही की थांबायची गरज नव्हती."

समजावणाऱ्याने काही समजावलं नाही. तो फोनवर थांबला, बस्स. तिचं रडून होईपर्यंत थांबला आणि मग हळूच म्हणाला, "डोळा चोळू नका. हलकेच पुसा."

त्यानंतर रोज सकाळी नऊला फोन. हॉस्पिटलकडून बोलतोय. थेंब घातले? डोळा चोळला नाही ना? डोक्यावरून पाणी घेतलं नाही ना? ही चौकशी अर्ध्या मिनिटाची, आणि पुढची वीस मिनिटं कसलीही. आज काय काम आलं, आत्या कुणावर चिडली, समोरच्या छपरावर मांजराने पिल्लं घातली. तिसऱ्या आठवड्यात तिने काळ्यावर काळं रफू केलं आणि ते शोधायला आत्याला अर्धा तास लागला. ही बातमीही आधी हॉस्पिटलला गेली.

महिन्याच्या तपासणीला ती गेली. डॉक्टर म्हणाले, झकास, थेंब बंद. तो त्या दिवशी रजेवर होता. निघताना तिने टेबलापाशी बसलेल्या सिस्टरना म्हटलं, "तुमच्या फोनची फार मदत झाली."

"कसले फोन?"

"रोज सकाळचे. थेंबांची आठवण करून द्यायचे."

सिस्टरनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो बाई, इथे दिवसाला चाळीस ऑपरेशनं होतात. आम्ही फोन करत बसलो तर डोळे कोण बघणार?"

ती घरी चालत आली. रस्त्यासाठीचा नवा चष्मा पर्समध्येच राहिला, हे तिला घरी पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले. फोन गप्प. नऊ पाच. आत्या दारात बसून अशी काही रस्त्याकडे बघत होती की तिला सगळं ऐकू येतंय हे स्पष्ट होतं. नऊ दहाला भाचीने स्वतःच नंबर लावला.

"रफूच्या दुकानाकडून बोलतेय," ती म्हणाली.

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. "बोला."

"आज फोन आला नाही."

"ते... थेंब बंद झाले ना तुमचे. डॉक्टरांनी लिहिलंय. मग आता नियमाप्रमाणे —"

"कुठला नियम? मी काल सिस्टरना विचारलं."

फोनमध्ये हॉस्पिटलचा व्हरांडा ऐकू आला. चपला, ढकलगाडीची चाकं, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो त्यांना म्हणाला, "पाच मिनिटं." एक दार लागलं.

"हे बघा," तो म्हणाला, "यात तीन गोष्टी समजून घ्यायला हव्यात. पहिली म्हणजे —" आणि अडला.

तिने मदत केली नाही.

"नाही. असं नको. साधं सांगतो. थेंब हे निमित्त होतं. ते संपलं. आज सकाळी सहापासून मी दुसरं निमित्त शोधतोय, आणि दिवसभर लोकांना पर्याय सांगणाऱ्या मला एकही सापडत नाहीये. म्हणून निमित्ताशिवायच सांगतो — तुम्ही मला आवडता. माझ्याशी लग्न करण्याचा विचार कराल का?"