फटफटी ढकलणारा कंपाउंडर

चिंचेच्या वळणावर भोंगा वाजला आणि लाल्या बुजला. जोडीचा बैल जागीच थांबला, पण लाल्याने गाडीचं चाक चारीत घातलंच. झेंडूच्या दोन पाट्या रस्त्यावर सांडल्या.

गाडी हाकणाऱ्या पोरीने, नवसाने, उडी टाकून त्याची वेसण धरली. मागे फटफटीवर एक तरुण बसला होता... चेहरा झेंडूइतकाच पिवळा.

"डोळे हायेत का नाय?"

"भोंगा वाजवला होता मी—"

"त्यानंच बुजला ना! काम काय करता?"

तो चाचरला. "गुरांच्या दवाखान्यात... कंपाउंडर."

नवसाने कपाळावर हात मारला. "गुरांच्या!"

कंपाउंडर, सावळीराम त्याचं नाव, निमूटपणे गुडघ्यांवर बसून फुलं वेचू लागला. वडिलांचा, आबांचा, पाय मोडल्यापासून गंगापूरहून नाशिकच्या बाजारात माल नवसाच नेई. आबांनी बजावलं होतं, बैल एकदा जरी बुजला तरी गाडी चुलतभाऊ नाथाच्या हाती, आणि तू घरी.

"आबांना कळलं तर माझा बाजार बंद," ती म्हणाली. "वळणावर हळू यायचं. बैलाच्या पाठीशी भोंगा नाय. ध्यानात राहील?"

राहिलं. फारच राहिलं. दुसऱ्या दिवशी तो गाडीमागे आला तो मागेच राहिला. दीड मैल नुसतं फट्... फट्... फट्...

"अहो, पुढं जावा की!"

"लाल्या बुजेल."

"आणि माझं डोकं उठलं त्याचं काय?"

तिसऱ्या दिवशी आवाज आला नाही म्हणून तिने वळून पाहिलं. इंजिन बंद करून, घामाने निथळत तो फटफटी ढकलत येत होता.

"आता बरोबर?"

काय बोलावं या माणसाला! मग रोजच तो चिंचेपासून पुलापर्यंत गाडीशेजारी चालू लागला. लाल्याला मीठ देता का, खूर बघू का... प्रश्न संपत नसत. पुलापाशी निरोप घेऊन पुढं गेला की लांबून हळूच भोंगा वाजवी. लाल्या आता फटफटीच्या सीटवर नाक घासू लागला होता.

दसरा झाला. एका सकाळी समोरून मोटार आली, भोंगा वाजवत, अगदी घासून गेली. लाल्याने कानही हलवला नाही.

दोघांनीही ते पाहिलं.

"बुजत नाय आता," नवसा म्हणाली. "बसा फटफटीवर. जावा पुढं."

तो बसला नाही. "लाल्याची सवय मोडली," तो हँडलकडे पाहत म्हणाला, "मला मात्र लागली... तुमच्याबरोबर चालायची."

"महिनाभर ढकलत आलात, नि हे आज सांगता?"

"रविवारी आबांना भेटायला येऊ? पहिल्या दिवशीची चूक माझी होती, तेही सांगतो."

"ते कशाला? गाडी काढून घेतील ना माझी!"

"लाल्यासमोर भोंगा वाजवून दाखवतो. मग कशी घेतील?"

नवसाने कासरा ओढला. हसू आवरेना, म्हणून तोंड फिरवून घेतलं.

"या. पण फाटकापासून ढकलत आणा," ती म्हणाली. "अंगणात नुकतीच व्यालेली गाय हाय."