वाऱ्याला न फसणारा अलार्म

तुमच्या मिस्टरांना मासे धरायच्या गळासाठी तो महागातला अलार्म घ्यायचाच आहे, आणि घेऊ द्यावा की नाही हे विचारायला तुम्ही माझ्याकडे आलात. पण आधी एक सांगा, कधीही खोटं न बोलणारी वस्तू घरात ठेवायची तुमची तयारी आहे का?

हसू नका. बसा अशा, दिवा जरा जवळ घेते. हे आतल्या खोलीत झोपलेत. कानाचं यंत्र काढलं की ह्यांना दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही. तरी आपण हळूच बोलू.

आमच्या घरी गळाचं वेड दोघांना. ह्यांना आणि माझ्या धाकट्या दिरांना. शनिवार आला की दोघं भाऊ तळ्यावर. मासा धरायचा, वजन करायचं, आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. "वहिनी, आम्ही माशांना नुसते भेटायला जातो," भाऊजी म्हणायचे. मी म्हणायची, "मग कधीतरी एखाद्याला जेवायला घरी बोलवा की."

रात्री दोघं काठावर तीस-चाळीस पावलांच्या अंतराने बसत. पाण्याजवळ हाका मारायच्या नाहीत, मासे बुजतात. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. दोघांच्या मधून एक बारीक दोरी. तिचं एक टोक भाऊजींच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं ह्यांच्या आरामखुर्चीला, आणि ह्यांच्या बाजूला एक छोटी घंटी. तीन हिसके म्हणजे 'ये'. बाकीच्याही खुणा होत्या त्यांच्या. मी कधी विचारल्या नाहीत. विचारायला हव्या होत्या.

त्या रात्री वारा होता. घंटी संध्याकाळपासून उगाच किणकिणत होती. हे चार-पाच वेळा उठून गेले, आणि दर वेळी भाऊजी लांबूनच हात हलवायचे, मी नाही, वारा आहे. पहाटे घंटी तीनदा वाजली. थांबून पुन्हा तीनदा. हे डोळे न उघडताच "वारा" म्हणाले आणि कूस बदलली.

भाऊजींचा गळ तळाशी कशाला तरी अडकला होता. तो सोडवायला ते पाण्यात उतरले होते. उजाडल्यावर ह्यांना दोरी दिसली. सरळ पाण्यात गेलेली.

दोन वर्षं ह्यांनी रॉडला हात लावला नाही. त्याच काळात ऐकूही कमी यायला लागलं. आणि एक दिवस हे एक खोकं घेऊन आले. आत तीन अलार्म आणि खिशात मावेल एवढा एक रिसीव्हर. किंमत ऐकून मी मटकन खाली बसले.

"अहो, एवढ्यात नवा फ्रिज आला असता!"

"फ्रिज रात्री हाक मारत नाही," हे म्हणाले.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. काठावर रॉड ठेवायचा, त्याची दोरी अलार्मच्या छोट्या चाकावरून घ्यायची. वाऱ्याने रॉड कितीही हलो, अलार्म गप्प. दोरी खरोखर ओढली गेली तरच तो वाजतो, आणि रिसीव्हर त्याच रंगाचा दिवा लावून थरथरतो. एक लाल, एक हिरवा, एक निळा. दुकानदाराने सांगितलं होतं की दीडशे मीटरच्या पुढे रिसीव्हर मुका होतो.

"स्वस्तातली वस्तू खोटं बोलते गं," हे खोक्याकडे बघत म्हणाले. "ती घंटी खोटं बोलायची, म्हणून मी..."

मी म्हटलं, जा, पण मी बरोबर येणार. ह्यांना एकट्याला त्या पाण्याजवळ पाठवायची माझी छाती नव्हती.

आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ह्यांनी तंबू ठोकला आणि दोन रॉड टाकले, लाल आणि हिरव्या अलार्मचे. तिसरा भाऊजींचा होता. तो त्यांनी शेजारी नुसता उभा केला. गळ रॉडच्या खालच्या कडीत अडकवलेला, दोरी कोरडी. पण खाली निळा अलार्म लावला.

"हा टाकत नाही," हे म्हणाले. "असू दे सोबतीला."

मी थर्मासमधला चहा ओतून दिला.

नऊच्या सुमाराला लाल वाजला. हे लहान मुलासारखे धावले, मासा काढला, मला दाखवला, परत सोडला. दोन वर्षांनी त्यांना हसताना पाहिलं. मनात म्हटलं, जाऊ दे तो फ्रिज.

दहानंतर वारा सुटला. तंबूचं कापड फडफडायला लागलं. ओल्या चिखलाचा आणि कुजलेल्या पानांचा वास आत यायला लागला. बाहेर रॉड वाऱ्याने थरथरत होते, पण अलार्म एकदाही वाजला नाही. खरंच, वाखाणण्यासारखी वस्तू. ह्यांनी कानाचं यंत्र काढून डबीत ठेवलं, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि झोपले.

मी जागीच होते. कधीतरी वारा पडला. एकदम पडला, कुणी दार लावून घ्यावं तसा. पाण्याचा चुबुकचुबुक आवाजसुद्धा थांबला. त्या शांततेत हे उठून बसले.

"अहो, काय झालं?"

हे कान टवकारून बसलेले. ज्यांना माझी हाक ऐकू येत नाही, ते कान टवकारून...

आणि मग माझ्या मुठीत रिसीव्हर थरथरला. निळा. एकदा, दोनदा, तीनदा.

थांबला. पुन्हा तीनदा.

"वारा नाहीये," हे म्हणाले. इतक्या हळू की मला ते निळ्या उजेडात ओठांवरूनच कळलं.

ते अनवाणीच बाहेर पडले. मी टॉर्च घेऊन मागे. मी भाऊजींच्या रॉडशी पोहोचले तर त्याची दोरी अलार्मच्या चाकावरून निघून सरळ पुढे, काळ्या पाण्यात गेलेली. ताठ. तिच्यावरून थेंब ठिबकत होते.

मी धावत जाऊन ह्यांचा दंड धरला, ओठ दिसावेत म्हणून माझ्याच तोंडावर टॉर्च धरला. "तुम्ही टाकला का हा? अहो, सांगा ना, तुम्ही टाकला?"

त्यांनी फक्त मान हलवली. नाही. आणि पाण्यात पाऊल टाकलं.

मी ओढलं, मागे रेटलं, रडले. पण ह्यांच्यापुढे माझी ताकद ती किती! घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. ते घाईत नव्हते. उशीर झाल्यावर माणूस मान खाली घालून घरी येतो ना, तसे चालले होते. पाणी मांड्यांना लागलं आणि माझ्या हातून त्यांचा शर्ट सुटला.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी मागे वळले, काठावर आले आणि ती दोरी बोटांत धरली.

मासा ओढतो तेव्हा दोरी धडपडते, एवढं मला माहीत आहे. ही धडपडत नव्हती. एक... दोन... तीन. आणि मग वाट बघणं. तुम्हाला कसं सांगू, दोरीतून वाट बघणं कळतं का? मला कळलं.

आमच्या घरात माझी एक सवय आहे. ह्यांचे कान गेल्यापासून हे रात्री दचकून उठले की मी मनगटावर दोनदा थोपटते. म्हणजे काही नाही, सगळं ठीक आहे, झोपा. पूर्वी भाऊजी तापाने फणफणले होते तेव्हा त्यांच्याही कपाळावर असंच दोनदा थोपटलं होतं. तेच मनात आलं. डोळे मिटले आणि दोरी दोनदा ओढली. हळूच. झोपा भाऊजी.

दोरी सैल पडली.

तिकडे छातीएवढ्या पाण्यात हे थांबले. जागे झाल्यासारखे इकडेतिकडे बघू लागले, आणि माझ्या टॉर्चच्या दिशेने परत आले. मी त्यांना चादरीत गुंडाळलं. उजाडेपर्यंत आम्ही एकमेकांना धरून बसून राहिलो. रिसीव्हर पुन्हा थरथरला नाही. मला वाटलं, सुटलो. मला वाटलं, भाऊजीही सुटले.

म्हणून सांगते. तुम्ही विचाराल, पैसे वसूल होतात का? होतात. पण स्वस्तातल्या घंटीचा एक मोठा फायदा असतो बघा. तिला वारा म्हणता येतं. कूस बदलता येते. ह्या अलार्मने ती सोय ठेवली नाही.

सकाळी सामान आवरायला गेलो. भाऊजींचा रॉड संध्याकाळी ठेवला तसाच उभा होता. गळ कडीत अडकवलेला. दोरी हाताला कोरडी लागली. ह्यांनी कानात यंत्र घातलं आणि विचारलं, "रात्री तो थांबला कसा? तू काय केलंस?"

"दोनदा ओढली दोरी," मी म्हटलं. "झोपा म्हणून."

ह्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"दोन म्हणजे 'झोप' नाही गं," ते म्हणाले. "आमच्यात दोन म्हणजे 'आलो'."

आम्ही तिन्ही रॉड आणि तिन्ही अलार्म तिथेच काठावर सोडले आणि गाडीत बसलो. तळं आमच्या घरापासून दोन तासांवर आहे. घरी पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. रिसीव्हर माझ्या स्वेटरच्या खिशात राहून गेला होता. तो काढून मी ओट्यावर ठेवला, आणि निळा दिवा तीनदा लागला.