फिल्मवरची वाकडी करंगळी

खोटं वाटेल, पण हे घडलेलं आहे. तारीखही पक्की आहे. शुक्रवार, चौदा ऑक्टोबर २००५. भर दुपारचे तीन. जागा, न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधली एक छोटी लॅब.

पद्मिनी तिथे जुनी शस्त्रं तपासायची. अस्सल कोणतं, बनावट कोणतं, ते सांगायची.

त्या दिवशी टेबलावर एक बारीक, लांब खंजीर होता. युरोपातला, पंधराव्या शतकातला म्हणे. जखमी होऊन तळमळत पडलेल्या सरदाराला शेवटचा वार करून सोडवायचं, ते असल्या खंजिराने. त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'दया'.

सोबतच्या कागदावर ते नाव वाचलं आणि पद्मिनीने कागद उलटा करून ठेवला.

सात महिन्यांपूर्वी नवऱ्याचा, श्रीरंगचा, व्हेंटिलेटर काढायला तिनेच सही दिली होती. आता काही उरलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. नातेवाईक म्हणाले, सुटला बिचारा. पण नळी काढताना श्रीरंगने तिचा हात घट्ट धरला होता...

"रिफ्लेक्स आहे," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून एकच प्रश्न तिला पोखरत होता. ती दया होती, की त्याला जगायचं होतं?

खंजिराचा एक्स-रे काढायचा होता. बनावट असेल तर मुठीच्या आत नवी सळई वेल्ड केलेली दिसते. सहकारी राजीवने मशीन लावलं. दोघं बाहेर आले. दार बंद झालं.

आणि आतून आवाज आला.

फुस्स... टक. फुस्स... टक.

"एसी चालू आहे का रे?"

"एसी तर कालपासून बंद आहे," राजीव म्हणाला. "मला काहीच ऐकू येत नाहीये यार."

तो आवाज पद्मिनीला पाठ होता. श्रीरंगच्या खाटेशेजारी बसून अकरा दिवस तिने तोच ऐकला होता.

फिल्म धुऊन आली. पातं स्पष्ट होतं. पण मुठीपाशी... हाताची हाडं होती. उघडा पंजा.

"डबल एक्सपोज झाली असेल," राजीव म्हणाला. "परत काढू."

दुसऱ्या फिल्मवर बोटं अर्धी मिटली होती.

राजीव आत गेला. त्याने खोली बघून घेतली. आत मशीन आणि खंजिराशिवाय काही नव्हतं.

तिसऱ्या वेळी पद्मिनी दाराला कान लावून उभी राहिली. फुस्स... टक. फुस्स...

मग काहीच नाही.

तिसऱ्या फिल्मवर पंजा घट्ट मिटला होता. त्याची करंगळी मधल्या सांध्यात वाकडी होती. कॉलेजात क्रिकेट खेळताना मोडलेली, तशीच बसलेली. बावीस वर्षं तिने ती करंगळी जवळून पाहिली होती.

त्या पंजात खंजीर नव्हता.

दुसरा एक हात होता. लहान. बोटात अंगठी.

पद्मिनीने आपल्या अंगठीकडे पाहिलं आणि ती खुर्चीत बसली. खूप वेळ रडली.

"रिपोर्टमध्ये काय लिहू?" राजीवने हळूच विचारलं.

"वेल्डिंग नाहीये. अस्सल लिही," ती म्हणाली. "फिल्म मात्र मला दे."

फिल्म आजही तिच्या कपाटात आहे. जाऊ देऊ नकोस म्हणणारा हात तो, की येतो म्हणणारा? आयुष्यभर खरं-खोटं पारखणाऱ्या बाईला एवढं एक कळलेलं नाही.

कधीतरी भर दुपारी तिचा डावा हात जड होतो... कुणी धरल्यासारखा. भीती वाटते. अंगावर काटा येतो.

पण ती हात सोडवून घेत नाही.