हॅट काढायची राहिली

वसईत ज्याचं घर पश्चिमेला आणि नोकरी पूर्वेला, त्याच्या डोळ्यांत सूर्य दोन्ही वेळा जातो. सकाळी वालीवला निघालं की समोर उगवता, संध्याकाळी निर्मळला परतताना समोर मावळता. सुधाकर परुळेकर अकरा वर्षं हा रस्ता तुडवत होता, आणि यामागे वरच्या पातळीवर कुणाचा तरी हेतू असावा असं त्याचं मत बनत चाललं होतं.

वालीवच्या एका छोट्या कारखान्यात तो पंपांचे सुटे भाग तपासायचा. चांगल्या मालावर हिरवा स्टिकर, वाईटावर लाल. स्वतःच्या वागण्यावर स्टिकर लावायची वेळ आली की मात्र तो चहा प्यायला उठायचा.

अकरांपैकी दहा वर्षं तो चालवणाऱ्याच्या शेजारी बसून गेला. गाडी युजीनची. युजीन त्याच कारखान्यात फोरमन, निर्मळजवळच्याच वाडीत राहणारा, बोलायला कमी आणि गाडी चालवायला त्याहून सावकाश. चालवताना तो डोक्यावर काठाची तपकिरी हॅट घालायचा. काचेवरची उन्हाची फळी खाली ओढली की गळून मांडीत पडायची आणि चष्म्यावर गॉगल बसत नसे, तेव्हा हॅट. मागचा काठ सीटच्या उशीला टेकला की हॅट नाकावर यायची, म्हणून युजीन पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखा ताठ बसायचा. सुधाकर त्याची रोज थट्टा करायचा. हॅट घातलेला माणूस पुढच्या गाडीत दिसला की आपण दहा मिनिटं आधीच निघायला हवं होतं असं समजावं, वगैरे. युजीन हसायचा आणि चाळीसवरून पस्तीसवर यायचा.

एका गोष्टीत मात्र थट्टा चालत नसे. वाटेत प्रेतयात्रा लागली, मग ती कुणाची का असेना, की युजीन गाडी कडेला घ्यायचा, इंजिन बंद करायचा, हॅट काढून सुधाकरच्या मांडीवर ठेवायचा आणि मान खाली घालायचा. शेवटचा माणूस वळणाआड जाईपर्यंत. सुधाकरला यापायी कितीदा लेट मार्क लागला. पण गावातली रीतच ती. सायकलवाला उतरायचा, स्कूटरवाला हेल्मेट काढायचा, बायका पदर घ्यायच्या. मेलेल्याला वाट द्यायची आणि डोकं उघडं करायचं.

मग युजीनला काचबिंदू झाला. उजव्या डोळ्याचं दिसणं जवळजवळ गेलं, डाव्याचं निघण्याच्या तयारीत होतं. गाडी सुधाकरने घेतली. व्यवहार रोख आणि चोख झाला. किल्ली देताना युजीनने एवढंच म्हटलं, की रविवारी सकाळी मला तेवढं चर्चला, मिस्साला नेऊन आण. आणि हॅट त्याने डॅशबोर्डवरच राहू दिली. म्हणाला, "लागेल तुला."

लागली. पहिल्याच आठवड्यात. सुधाकरची बायको विनया हसून हसून बेजार झाली, म्हणाली, "आता फक्त पस्तीसने चालवा म्हणजे झालं."

रविवार सुरुवातीला नेमाने झाले. युजीन इस्त्रीचा शर्ट घालून, काठी धरून फाटकाशी उभा असायचा. मग एक रविवार पाहुण्यांमुळे गेला, एक पाठीमुळे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सुधाकर बाल्कनीत चहा घेऊन उभा होता. खाली गाडी दिसत होती. त्याने फोन लावला आणि म्हणाला, "युजीन, गाडी गॅरेजला टाकलीय रे. आज राहू दे."

कारण काहीच नव्हतं. घरात पोहे झाले होते आणि ते गरम होते.

युजीन चालत चर्चला गेला. परत येताना गटाराच्या कडेला पाय घसरला, खुबा मोडला. पुढे छातीत कफ झाला. अठराव्या दिवशी तो गेला. त्याची बायको फ्लॉसी, तिनेच फोन करून कळवलं. अंत्यविधी दुपारी चारला म्हणाली, आणि मग सहज विचारावं तसं तिने विचारलं, गाडी आली का दुरुस्त होऊन.

"आली," सुधाकर म्हणाला.

त्याने जायचं म्हणून अर्धी रजा टाकली. पण उड्डाणपूल ओलांडून अलीकडे आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण त्याच गाडीतून चाललो आहोत. ती गाडी फाटकाशी लावायची, त्यातून उतरायचं आणि फ्लॉसीच्या समोर उभं राहायचं. मग त्याने ठरवलं की सरळ घरी जावं आणि नंतर सवडीने भेटावं.

निर्मळच्या अलीकडे प्रेतयात्रा समोरूनच आली. पुढे क्रूस, मागे पांढरे कपडे, मध्ये खांद्यावर पेटी. रस्ता थांबला. केळीचा टेम्पो थांबला, त्याच्या मागची बस थांबली. सुधाकरने हॅटचा काठ धरून ती भुवयांपर्यंत खाली ओढली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, डावीकडून, हळूच पुढे सरकला. पेटी खिडकीपासून हातभर अंतरावरून गेली. फ्लॉसी तिच्या मागे होती. तिने मान वळवून पाहिलं. चेहरा तिला दिसला नसणार. हॅट दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्याच्या पुढे एक म्हातारा माळी सायकलला शेवंतीच्या जुड्या बांधून चालला होता. सुधाकरची गाडी मागून आली तसा तो उतरला, सायकल कमरेला टेकवली, टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. सुधाकरला जरा बरंच वाटलं. हॅटला वजन आहे, असं त्याने दुपारी डबा खाताना सांगितलंदेखील.

शनिवारी गोखिवऱ्याच्या चढावर एका रिक्षावाल्याने आपण होऊन बाजू दिली. वसईत हे कुणी सांगितलं तर ऐकणारा सांगणाऱ्याचं कपाळ तापलंय का बघेल. सुधाकरने आरशात पाहिलं. रिक्षा बंद करून तो माणूस बाहेर येऊन उभा होता, हात पुढे बांधून.

सोमवारी बसथांब्यावरच्या बायकांनी पदर डोक्यावर घेतले. एकीच्या हातातली मासळीची टोपली तिने खाली ठेवली. मंगळवारी सातिवलीला टेम्पोवर माल चढवणारे हमाल थांबले. ती माणसं लांबच्या मुलखातली, त्यांना इथली रीत कोण शिकवणार? त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवरचं गाणं बंद केलं. तेवढा वेळ रस्त्यावर फक्त सुधाकरच्या इंजिनाचा आवाज होता.

आता बरं वाटत नव्हतं. कशासाठी थांबतात ते त्याला पाठ होतं. दहा वर्षं शेजारी बसून शिकला होता.

बुधवारी तो हॅट घरी ठेवून निघाला. माणसं थांबलीच. संध्याकाळी पुलावरून उतरताना ऊन काचेतून थेट आत आलं आणि त्याने डोळे मिचकावत आरशात पाहिलं. मागच्या सीटवर त्याच्या डोक्याची सावली पडली होती. तिला काठ होता. त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. केस होते, घाम होता. सावलीतला हात काठाला लागला.

रात्री जेवताना त्याने विनयाला सगळं सांगितलं. फक्त गॅरेजचं सोडून. विनयाने कोशिंबीर वाढली आणि म्हणाली, की माणसं नमस्कार करतात याचा त्रास झालेला पहिलाच माणूस ती पाहते आहे. मग थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता, तिने विचारलं, "त्या दिवशी युजीन पडले, तेव्हा आपली गाडी तर खालीच होती ना?"

सुधाकर चहा करायला उठला.

फ्लॉसीला खरं सांगितल्याशिवाय यातून सुटका नाही, हे त्याला कळत होतं. तिने शिव्या दिल्या तरी चालतील, दार लावलं तरी चालेल. शनिवारी त्याने फोन केला. उद्या मिस्साला नेतो, म्हणाला. ती "बरं" म्हणाली.

रविवारी ती काळी साडी नेसून फाटकाशी उभी होती. हातात झेंडूची पिशवी आणि मेणबत्त्यांचा पुडा. पुढच्या सीटवर, सुधाकर दहा वर्षं बसला तिथे, बसली. वाटेत कुणी थांबलं नाही. एक कुत्रासुद्धा बाजूला झाला नाही, एका स्कूटरवाल्याने तर शिवी हासडली. सुधाकरला इतकं मोकळं वाटलं की बोलायचं ते परतताना बोलू, असं त्याने ठरवून टाकलं.

चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला. नोव्हेंबर हा तिथे मृतांचा महिना. फादर कागदावरून नावं वाचत होते आणि प्रत्येक नावानंतर लोक शांतीची प्रार्थना म्हणत होते. युजीनचं नाव आलं. त्यानंतर दोन नावं. मग फादरांनी वाचलं, सुधाकर परुळेकर.

लोकांनी प्रार्थना म्हटली.

दोघं परत निघाली. रस्ता खणला होता, गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत होती आणि इंजिन तापल्याचा काटा वर चढत होता.

"वहिनी, माझं नाव वाचलं," सुधाकर म्हणाला.

"युजीनची चूक हो ती." फ्लॉसी जरा हसली. "दारात दोन पेट्या असतात. एक आजाऱ्यांच्या नावांची, एक मेलेल्यांची. त्याला दिसतं कुठं? भलत्याच पेटीत टाकली चिठ्ठी."

"पण मी आजारी कुठं होतो?"

"त्या रविवारी तुमच्या बिल्डिंगवरूनच गेला ना तो. खाली गाडी लागली हाताला. डावा दरवाजा चेपलेला आहे, ओळखली त्याने. म्हणाला, परुळेकर खोटं नाही बोलायचा. बरं नसेल त्याला, सांगायचं नसेल, म्हणून गॅरेजचं सांगितलं. म्हणून नाव दिलं तुमचं. बरं वाटावं म्हणून."

सुधाकरचे हात स्टिअरिंगवर होते. ते त्याला दिसत होते.

"मी आजारी नव्हतो," तो म्हणाला. "मला यायचं नव्हतं. दुसरं काही नाही. आणि त्या दिवशी त्याच्या शवपेटीच्या बाजूने गेलो, हॅट न काढता, तोही मीच."

"ठाऊक आहे मला."

"मग ती चिठ्ठी काढायला सांगा ना, वहिनी."

"सांगितलं हो. नाव पहिल्यांदा वाचलं त्याच आठवड्यात फादरांनी पेटी उलटी केली माझ्यासमोर. एकेक चिठ्ठी पाहिली. तुमची नव्हतीच." ती खिडकीबाहेर पाहत होती. "कागदावर नाव येतं मात्र."

फाटक आलं. इंजिन चालूच राहू दे, म्हणाली आणि उतरली. गाडीला वळसा घालून ती समोर आली. पुड्यात एक मेणबत्ती उरली होती.

"वहिनी, मला माफ करा," सुधाकर खिडकीतून म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

फ्लॉसीने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बऱ्याच दिवसांत इतक्या मायेने त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

"रागावले होते मी," ती म्हणाली. "खूप रागावले होते. पण नाव वाचलं गेलं की आम्ही राग धरत नाही, भाऊ."

तिने मेणबत्ती पेटवली.

वाडीतली माणसं एकेक करून कुंपणाशी येऊन उभी राहत होती. कुणी टोपी काढली, कुणी पदर घेतला. हॅट घरी होती, तरी सुधाकरने ती काढायला हात वर नेला. हात काठापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

फ्लॉसीने मेणबत्ती तिरपी धरून बॉनेटवर मेण टिपकवलं, तिला उभी करण्यापुरतं. इंजिन धडधडत होतं, काटा लाल रेघेला टेकला होता, आणि त्या तापलेल्या पत्र्यावर मेणाचा थेंब पडल्या पडल्या पांढरा होत होता, गोठत होता.