सुकन्याची हजेरी

मिरजगावातली चैत्राची दुपार म्हणजे हायवेवरच्या ट्रकांची घरघर, बाकी सगळी सामसूम. अंगणवाडी सुटली की सेविका सुकन्या घरी यायची, भांडी विसळायची आणि मधल्या खोलीत मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ऑनलाईन तासाला बसायची. बी.ए.चं शेवटचं वर्ष विशीत सुटलं होतं. ते आता चाळिशीत पुरं करायला घेतलं होतं. पदवी मिळाली तर सुपरवायझरच्या परीक्षेला बसता येणार होतं. नवरा कल्याण खत-बियाणांचं दुकान चालवायचा. तो म्हणाला होता, "शिक की. तुला कोन नगं म्हनतंय?"

एकदा कांदा काढायला बाया मिळेनात, म्हणून ती स्वतःच शेतात गेली. तास बुडाला. दुसऱ्या दिवशी तासाला शिकवणारे अंगद सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सुकन्याताई, काल फार छान बोललात."

सरांची गफलत झाली असणार, असं तिला वाटलं. तरी संध्याकाळी तिनं ग्रुपवर आलेलं आदल्या दिवसाचं रेकॉर्डिंग उघडलं.

चौकटींमध्ये एक चौकट तिची होती. हीच खोली, हीच पोपडे आलेली भिंत. आणि भिंतीपुढं ती स्वतः. अंगावर पोपटी साडी. तसली साडी सुकन्याकडे नव्हती. चौकटीतली बाई न अडखळता उत्तर देत होती, मध्येच हसत होती. सुकन्यानं मोबाईल पालथा ठेवला.

पुढं काही दिवस तिनं एकही तास चुकवला नाही. रेकॉर्डिंगमध्ये ती स्वतःच दिसायची, तिच्याच साडीत, अडखळत बोलणारी. मग एका दुपारी अंगणवाडीतलं एक पोर तापानं फणफणलं. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तास पुन्हा बुडाला.

त्या रेकॉर्डिंगमध्ये पोपटी साडीतली बाई परत आली होती. तास संपत आला तेव्हा तिच्या मागचा दाराचा पडदा बाजूला झाला आणि एक तरुण मुलगी चहाचा कप घेऊन आत आली. लांब वेणी, कल्याणसारखं रुंद कपाळ.

"आई, धर. गार हुईल."

"ठिव तितं, संस्कृती," बाई म्हणाली.

सुकन्या खाली फरशीवर बसली. विशीत बी.ए.ची परीक्षा तोंडावर असताना तिला अवेळी कळा आल्या होत्या. मुलगी झाली, पण रडली नाही. त्यानंतर मूल झालंच नाही. मुलगी झाली तर संस्कृती, हे नाव तिनं मनातल्या मनात ठेवलं होतं. कल्याणलासुद्धा सांगितलं नव्हतं.

कल्याण दुकानातून आल्यावर तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. पडदा बाजूला झाला, मुलगी आत आली. कल्याणनं मोबाईल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. मग त्यानं मोबाईल तिच्या हातात दिला.

"तुमाला दिसली?" तिनं विचारलं.

"परत लावू नको ते," एवढंच म्हणून तो बाहेर गेला. त्या रात्री तो जेवला नाही.

पण सुकन्यानं लावलं. ती स्वतः तासाला बसली की मुलगी येत नव्हती. तास चुकवला की येत होती. एवढं कळल्यावर ती मुद्दाम तास चुकवू लागली. दुपारी फोन बंद करून दारातल्या लिंबाखाली बसायची आणि संध्याकाळची वाट बघायची. मुलगी कधी वेणी घालून घ्यायची, कधी आईच्या खांद्यावर हनुवटी ठेवून तास ऐकायची. सुकन्या मोबाईलच्या पडद्यावर बोट ठेवायची. काच तेवढी कोमट लागायची.

ऑनलाईन तोंडी परीक्षेच्या दिवशी कल्याण दुकान बंद करून घरी थांबला.

"आज परीक्षेला बस," तो म्हणाला. "वरीस वाया जाईल."

"वाया न्हाई जायचं. ती देईल."

"आन मग पदवी कुनाची?"

सुकन्या लिंबाखाली जाऊन बसली.

संध्याकाळी अंगद सरांचा मेसेज आला. अभिनंदन. आजवरची सर्वांत उत्तम तोंडी परीक्षा.

तिनं रेकॉर्डिंग उघडलं. कल्याणही मागं येऊन उभा राहिला.

प्रश्न झाले. उत्तरं झाली. सर गेले. चौकटी एकेक करून विझल्या.

एकच उरली.

पडदा हलला. मुलगी आली. आज तिच्या हातात चहा नव्हता. ती वाकली आणि कॅमेऱ्यात डोकावली. एवढी जवळ ती कधीच आली नव्हती. तिच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

"आई," ती म्हणाली, "ही बाई रोज आपल्याकडं का बघती?"

पोपटी साडीतल्या बाईनं तिला हळूच मागं ओढलं.

"तू बघू नको तिच्याकडं," ती म्हणाली. "सवय लागंल तिला."

आणि तिनं कॅमेऱ्यावर हात ठेवला.