चुली किती?

कुकर सोडून सुनेत्राने आज भात पातेल्यातच शिजत ठेवला होता. कुकरची शिट्टी झाली की फोनवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, आणि गेले चार दिवस ती ज्या माणसांशी फोनवर बोलत होती त्यांचे आवाज आधीच खोल गेलेले होते. गॅस बारीक करून ती टेबलाशी येऊन बसली, यूनुसने दिलेला अकरावा कागद तिने पुढे ओढला, वरून खाली बोट फिरवत नेलं... आणि तेविसाव्या ओळीवर तिचं बोट थबकलं.

मोरेश्वर खांबेटे. मुक्काम वेळजे, तालुका श्रीवर्धन.

तिचा थोरला दीर! ज्या घराच्या उंबऱ्यावर गेल्या बारा वर्षांत तिने पाऊल ठेवलं नव्हतं, त्या घराची खबर आता तिनेच घ्यायची होती, परक्या बाईसारखी, एकेक रकाना भरत.

निसर्ग वादळ कोकणावरून गेलं त्याला नऊ दिवस झाले होते. नारळ-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची कौलं पाचोळ्यासारखी उडाली, आणि इकडे कुवेतमधल्या मराठी माणसं नुसती हात चोळत राहिली. कारण विमानं बंद होती आणि सुनेत्रा राहायची त्या अब्बासिया वस्तीला तर कोरोनापायी चारी बाजूंनी तारेचं कुंपण घातलेलं होतं. श्रीवर्धनला जाणं सोडाच, पलीकडच्या रस्त्यावर जायची चोरी! पण हातपाय बांधले तरी तोंड मोकळं होतं. तिथल्या मराठी मंडळाने ठरवलं, सरकारी पंचनामे व्हायचे तेव्हा होतील, तोवर माणसांच्या डोक्यावर निदान पत्रा तरी हवा. अर्दियाच्या एका गोदामात स्टोअरकीपर असलेला यूनुस सुनेत्राच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, त्याचं गावही तिकडचंच. त्याच्या मावसभावाने मोटरसायकलवरून गावोगाव हिंडून घरमालकांच्या नावांचे कागद केले आणि त्यांचे फोटो पाठवले. ज्यांची कामं बंद होती अशा दहाबारा जणांनी ते वाटून घेतले. सुनेत्रा ज्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती तो बंदच होता. ती म्हणाली, मी फोन करते.

रकाने सोपे होते. कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, पडझड काय, आणि शेवटचा रकाना, चुली किती. एका चुलीला दहा पत्रे आणि एक ताडपत्री, असा हिशेब ठरला होता. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे राहत असतील तर दोघांनाही मिळावं, एवढाच त्यामागचा विचार. यूनुस हसून म्हणाला होता, भाभी, परवापर्यंत एका चुलीवर शिजत होतं, आता गावात घरटी तीन-तीन चुली झाल्यात बघा. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते असं! सुनेत्राही हसली होती. ज्याचं छप्पर गेलं त्याने एक चूल वाढवून सांगितली तर देव काही त्याचा कान धरणार नाही, असं तिचं मत होतं, आणि ती मुकाट्याने सांगतील तो आकडा लिहून घेत होती.

पण या तेविसाव्या ओळीतल्या चुली... त्या तिच्याइतक्या कोणाला ठाऊक होत्या!

बारा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, देवेंद्रच्या डोक्यात आलं की गावच्या घराचा आपला अर्धा भाग वेगळा काढावा, तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधाव्यात. मागितलं असतं तर मोरेश्वरांनी अर्धं काय, सगळं घर दिलं असतं. आईवडील लवकर गेले तेव्हा या भावानेच देवेंद्रला अंगाखांद्यावर वाढवलं, शिकवलं, पहिल्यांदा कुवेतला निघताना वेशीपर्यंत त्याची बॅग आपल्या डोक्यावर वाहिली. अशा भावापुढे उभं राहून ‘वाटणी’ हा शब्द उच्चारायची देवेंद्रची छाती झाली नाही. मग तो काय म्हणाला? ‘‘दादा, सुनेत्राला वेगळं राहायचंय.’’

सुनेत्रा माजघराच्या दाराआड उभी होती. तिने ऐकलं. त्या रात्री देवेंद्र तिच्यापुढे लहान मुलासारखा रडला. ‘‘दादा माझ्यावर रागावला तर मी जिवंत राहणार नाही गं. तुझ्यावर रागावेल, रागावू दे. तू काय, बाहेरून आलेली.’’

बाहेरून आलेली! ते दोन शब्द तिच्या काळजात काट्यासारखे मोडून बसले, आणि तरीही तिने मान हलवली, कारण तिला खरंच वाटलं की भावाभावांमधला तो निर्मळ जिव्हाळा वाचत असेल तर आपलं नाव गेलं तरी चालेल. घर सुनेने फोडलं, हे ऐकायला गावाला जड जात नाही. अशा आळाला जागा करून ठेवलेलीच असते. मधोमध भिंत उभी राहिली, पलीकडे नवी चूल मांडली गेली, आणि त्या पर्यटकांच्या खोल्या? त्या कधी झाल्याच नाहीत. दोन दिवस त्या चुलीवर शिजवून दोघं कुवेतला परतली. निघताना थोरल्या जावेने, प्रभाताईंनी तिला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली. सुनेत्रा म्हणाली, ‘‘येते, ताई.’’ आपल्याकडे अशा वेळी शत्रूही ‘ये हो’ म्हणतो. प्रभाताई काही बोलल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या.

तो न उच्चारलेला ‘ये’ सुनेत्रा बारा वर्षं उराशी घेऊन जगली. देवेंद्र वर्षाआड गणपतीला एकटा जायचा, भावाच्या पानाला पान लावून जेवायचा, आणि येताना तिच्यासाठी सुपारी आणायचा. ती सुपारी ती डब्यात भरून ठेवायची. खायची नाही.

आतल्या खोलीचं दार बंद होतं. राई भागातल्या एका शोरूमचं अकाउंट्सचं काम देवेंद्र घरूनच करत होता आणि मीटिंग चालू होती. नऊ दिवस रोज सकाळी तो दादाचा फोन लावत होता, रोज तीच बाई फोन बंद असल्याचं सांगत होती. वेळजेचा कागद तुझ्याकडे आला तर तू बोलू नकोस, असं त्याने बजावून ठेवलं होतं. तुझा आवाज ऐकला तर दादा फोन ठेवून देईल. पण महाडहून पत्र्यांचा टेम्पो दुपारी निघायचा होता, आणि ज्याच्यापुढे आकडा नाही त्याच्यासाठी पत्रा नाही. लागणार थोडाच आहे, असं मनाशी म्हणत सुनेत्राने कागदावरचा नंबर फिरवला; देवेंद्र लावायचा तो नव्हता, दुसराच होता.

फोन वाजला.

‘‘हॅलो...’’ बाईचा आवाज. बारा वर्षांत थोडा जाड झालेला, पण प्रभाताईंचाच. मी कुवेतच्या मंडळातून बोलते, वादळात पडलेल्या घरांची माहिती हवी आहे, असं ती चार दिवस पाठ झालेल्या स्वरात म्हणाली. पलीकडून, विचारा, एवढंच आलं.

‘‘कुटुंबप्रमुख... मोरेश्वर खांबेटे ना?’’

‘‘नाही. प्रभा मोरेश्वर खांबेटे लिहा.’’

‘‘पण यादीत...’’

‘‘यादी जुनी झाली. ते गेले. आज चौथा दिवस.’’

सुनेत्राच्या हातातलं पेन कागदावर टेकलं ते तिथेच राहिलं, शाईचा ठिपका मोठा होत गेला. आतून देवेंद्रचा मीटिंगमधला आवाज येत होता, तो कोणाला तरी फाइल पाठवतो म्हणत होता. ज्या भावाच्या रागाला तो बारा वर्षं भीत आला तो भाऊ आता कधीच रागावणार नव्हता, आणि हे त्याला अजून ठाऊक नव्हतं...

प्रभाताई आपणहूनच सांगत होत्या. वादळात माणसांना काही झालं नाही. घरावर माड पडला, कुवेतवाल्यांचा भाग सगळा बसला, आपल्या भागावरची कौलं गेली. सहाव्या दिवशी मोरेश्वर वाडीत गेले, आडव्या झालेल्या सुपारीच्या झाडांवरून हात फिरवत बसले, आणि बसल्या जागीच संपले. कोणाला कळवणार? फोन नव्हता, वीज नव्हती, रस्त्यावर झाडं. आज सकाळी टॉवर सुरू झाला. यूनुसच्या मावसभावाने गाडीच्या बॅटरीवर माझा मोबाइल चार्ज करून दिला, तर कुवेतचा नंबर सापडेना. ह्यांच्या मोबाइलमध्ये होता, आणि तो माडाखाली गेला.

सुनेत्राला रडता येत नव्हतं. ती परकी होती ना! तिने रकान्यावर डोळे रोवले आणि उसन्या आवाजात शेवटचा प्रश्न विचारला.

‘‘चुली किती?’’

‘‘एक.’’

इथे सुनेत्रा अडखळली. चुली दोन होत्या. ते खरं होतं, आणि त्यात वीस पत्रे होते. छप्पर उडालेल्या घरात एकट्या पडलेल्या बाईला दहा पत्र्यांत काय होणार? सगळं गाव एकाच्या तीन करून सांगत असताना जिच्या खरोखरच दोन आहेत ती एक म्हणते?

‘‘दोन लिहिते ना, ताई. वीस पत्रे येतील...’’

‘ताई’ निसटलं. तिने जीभ चावली, पण तोंडातून गेलेला शब्द आणि धनुष्यातून सुटलेला बाण...

‘‘एक म्हटलं ना, सुनेत्रा,’’ प्रभाताई म्हणाल्या.

सुनेत्राने तोंडावर पदर दाबून धरला. पहिल्या ‘हॅलो’लाच मी ओळखलं, प्रभाताई सांगत होत्या, तुझी प्रश्न विचारायची रीत बदललेली नाही. भिंतीवरच माड पडला. भिंत राहिली नाही, मग दोन चुली कुठल्या?

‘‘आणि दुसरं सांगते ते ऐक. वेगळं राहण्याचा विषय निघाला त्याच्या आठ दिवस आधी भावजींना सुतळी घेऊन माजघराचं माप घेताना मी पाहिलं होतं. तू तेव्हा माहेरी होतीस. भिंत कोणाला हवी होती ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.’’

‘‘ताई... मग तुम्ही...’’

‘‘मी गप्प बसले. ह्यांना कळलं असतं की धाकट्याने मागितलं, तर त्यांच्या घशाखाली घास उतरला नसता. तू आळ घेतलास, मी तो तुझ्यावर राहू दिला. तू निघालीस तेव्हा ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढा एक शब्द बोलले असते तर सगळंच बाहेर पडलं असतं. तू मोठी झालीस गं. मी लहान झाले. बारा वर्षं रात्री हे निजले की मी भिंतीपलीकडे तुझ्या चुलीपुढे जाऊन बसायची.’’

दोन बायका दोन देशांत एकच खोटं सांभाळत बसल्या होत्या, एका भावासाठी आणि त्याच भावाच्या भावासाठी. आणि त्यात दोघींचं जे गेलं ते कुठल्या पंचनाम्यात बसणार होतं? आता सुनेत्रा रडली. फोन कानाला धरून ती आवाज न करता रडत होती आणि पलीकडे प्रभाताई ते ऐकत होत्या.

मग त्यांनीच विचारलं, भावजी घरात आहेत ना? त्यांना सांभाळून सांग, तुझ्याशिवाय त्यांना कोणी नाही. मी बोलेन दुपारी, आत्ता बॅटरी जाईल.

‘‘अग्नी कोणी दिला, ताई?’’

‘‘मी. वाडीतली लाकडं ओली होती, पेटेनात. तुमच्या बाजूचे सागाचे वासे पडले होते, जुने, आतून सुके. तेच वापरले. भावजींना हे सांग. त्यांच्या घराची लाकडं भावाला लागली म्हणावं. त्यांच्या मनात काही राहायला नको.’’

सुनेत्रा म्हणाली, ‘‘ठेवते मग... येते, ताई.’’

फोनवर कोणी ‘येते’ म्हणत नाही. विमानं बंद होती, गल्लीच्या टोकाला तारेचं कुंपण होतं, आणि वेळजेच्या त्या घराला छप्पर नव्हतं.

‘‘ये हो,’’ प्रभाताई म्हणाल्या. ‘‘लवकर ये.’’

फोन बंद झाला. सुनेत्राने डोळे पुसले, शाईचा ठिपका टाळून शेवटच्या रकान्यात एक हा आकडा लिहिला आणि त्या कागदाचा फोटो काढून यूनुसला पाठवला. मग ती उठली. स्वयंपाकघरात भाताला उकळी फुटली होती, झाकण खाली-वर होत होतं, तांदूळ अजून निम्माच शिजला होता. एका चुलीच्या घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही. चार दिवस तिची पेटत राहिली होती, कारण तिला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

तिने गॅसची कळ फिरवली. झाकण हललं, आणि थांबलं.

मीटिंग संपवून देवेंद्र बाहेर आला. भूक लागली म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर शेगडीवर गेली. विझलेला गॅस, पातेल्यात अर्धा कच्चा भात, आणि त्यापुढे भिंतीला टेकून उभी असलेली सुनेत्रा. कोकणातल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

‘‘कोण गेलं?’’ त्याने विचारलं.

सुनेत्राने दोन्ही हात पुढे केले, आणि तिच्यावर आळ घालणारा तो माणूस त्या हातांत ‘दादा’ म्हणून कोसळला. तिने त्याला धरलं. वासे, सुतळी, भिंत, सगळं त्याला सांगायचं होतं, पण ते नंतर. आत्ता तिने एवढंच सांगितलं की ताईंनी बोलावलंय, दोघांनाही. आणि मग त्याला अंघोळीला पाणी काढून द्यायला ती वळली.