लिंबाचा आकडा साडेसात

"उद्यापासून येऊ नका," व्यवस्थापकांनी मावशीला सांगितलं आणि मावशीसोबत तलावावर घालवायच्या ठमीच्या सगळ्या सुट्टीवर पाणी पडलं.

मावशी पोहण्याच्या तलावाचं पाणी सांभाळायची. आठवडाभर पोहणाऱ्यांचे डोळे चुरचुरत होते आणि खापर तिच्यावर फुटलं होतं.

"तुम्ही आम्ल जास्त ओतता."

"रोज तक्ता बघूनच ओतते, साहेब." मावशीचा आवाज इतका बारीक झालेला ठमीने कधी ऐकला नव्हता. तिला फार वाईट वाटलं.

ते गेल्यावर ठमी, तिचा भाऊ बारक्या आणि शेजारचा चष्मिष औषधांच्या खोलीत शिरले.

"मावशी, एकदा करून दाखव ना."

मावशीने तलावाच्या पाण्यात चाचणीचा कागद बुडवला. तो पिवळा झाला. भिंतीवरच्या रंगतक्त्यात पिवळ्यापुढे साडेसात लिहिलं होतं. "बघ, बरोबर आहे."

चष्मिष विचारात पडला. "सामू, म्हणजे पीएच, सात असला की ना आम्ल, ना आम्लारी. त्याखाली आम्ल, वर आम्लारी. एक आकडा उतरला की आम्लपणा दहापट. मग साडेसातला डोळे का चुरचुरतात?"

बारक्याने जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड पेल्यातल्या पाण्यात पिळली आणि नवा कागद बुडवला. पिवळा. तक्त्यावर पुन्हा साडेसात!

"लिंबू साडेसात? मग मी वर्गात पहिला," बारक्या म्हणाला. मावशीसुद्धा हसली नाही.

ठमी तक्त्याकडे बघत राहिली. समोरच्या खिडकीतून ऊन थेट त्यावर पडत होतं. तक्त्याची एक कड पोहण्याच्या नियमांच्या कागदाखाली झाकलेली होती. तिने तो कागद अलगद सोडवला. झाकलेल्या कडेला साडेसातपुढे चक्क केशरी रंग होता, आणि पिवळा होता पार खाली, 'सहा किंवा कमी' यापुढे. उन्हाने बाकीचा तक्ता विटवला होता. कागद केशरी झाला, म्हणजे पाणी ठीक असलं, तरी विटलेल्या तक्त्यावर मावशीला ते आम्लारी वाटायचं, आणि ती बिचारी आणखी आम्ल ओतायची.

ठमीने व्यवस्थापकांना हात धरूनच आणलं. त्यांनी वाकून तक्त्याची झाकलेली कड निरखली.

"चाचणीच्या कागदांचा डबा सारखा हरवतो म्हणून त्यातला तक्ता इथे मीच चिकटवला," ते म्हणाले. "पोरांनो, शाबास. चूक माझी होती."

"ते मावशीला सांगा," ठमी म्हणाली.

त्यांनी सांगितलं, बाहेर ताटकळलेल्या सगळ्या पोहणाऱ्यांसमोर. मग तलाव बंद करून विचारलं, "आता काय करायचं?"

"आम्लपणा उतरवायला सोडा घालते, थोडाथोडा. उद्या नव्या तक्त्यावर बघू," मावशी म्हणाली. तिने ठमीला जवळ ओढलं. "मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला होता गं."